भावोजी, पानिपतच्या रस्त्यावर तुम्ही खोटं बोललात

भावोजी,

मंडळाच्या सेक्रेटरीबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, "काकू, गणपतीत मंडपातले पंखे, कूलर, सगळं तेच बघायचे. अंकात त्यांच्यावर एक पान हवं, आणि ते तुम्हीच लिहा." मी म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंत. त्या म्हणाल्या, बोलता तसं लिहा. बोलते तसं लिहिलं तर छापतील का, बघू.

तुमचा जन्म कुठला, दिल्लीत कधी आलात, ते लिहीत नाही. ज्यांना माहीत असायला हवं त्यांना माहीत आहे. तुम्ही फार चांगले होतात असंही लिहायला बसलेले नाही. बिड्या ओढायचात, न्हाणीघरात पाणी सांडून ठेवायचात, आणि लग्नाचं नाव काढलं की तुम्हाला एकदम कुठलं तरी काम आठवायचं. मला एकच गोष्ट लिहायची आहे. ती आपल्या दोघांनाच माहीत होती. तुमच्या तेराव्याला ती बाहेर पडली. तुम्ही नव्हतात, म्हणून सांगते. पण आधी ती गाडी.

मयूर विहारचा फ्लॅट मिळाला आणि तुमच्या दादांच्या डोक्यात गाडी शिरली. तेव्हा दिल्लीत सगळ्यांच्याच डोक्यात शिरली होती. कालपर्यंत स्कूटरवर चौघं बसणारी माणसं गाड्या घ्यायला लागली होती. नोएडात सेक्टरमागून सेक्टर उठत होते, गुडगावच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. आपली गाडी सेकंडहँड, पांढरी, छोटी. तिला एसी नव्हता. तो तुम्ही बसवलात. तीन रविवार बिल्डिंगखाली चटई टाकून तुम्ही गाडीच्या पोटात शिरलेले असायचात, आणि मी चहा घेऊन खाली आले की तुमचे फक्त पाय दिसायचे.

"वहिनी, दहा वर्षांनी या दिल्लीत एसीशिवाय कोणी गाडी घेणार नाही," तुम्ही म्हणालात.

"मग खिडक्या कशाला ठेवतील? भिंतीच घाला चारी बाजूंनी," मी म्हटलं.

एसी लागला तसे सगळे कुतुबमिनार बघायला निघालो. काचा बंद. आत नव्या प्लास्टिकचा वास, त्यात ह्यांनी टांगलेली अत्तराची बाटली. आश्रम चौकाच्या सिग्नलला मला उलटी झाली. साडीवर, सीटवर, सगळीकडे. हे गाडीतून उतरून फुटपाथवर ओरडत होते, "गावंढळासारखी! नव्या सीटवर!" लोक बघत होते. तुम्ही कडेच्या रसवाल्याकडून बादली आणलीत आणि सीट धुतलीत. आधी मला प्यायला पाणी दिलंत, मग सीट. हा क्रम माझ्या लक्षात आहे.

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं की काचा बंद असल्या की मला होतंच. लहानपणी एसटीतही मागच्या सीटवर व्हायचं. हे म्हणाले, "ते मनाचं असतं." मी म्हटलं, "मनाचं नाही, पोटाचं असतं." तिथेच विषय संपला.

दोन दिवसांनी तुम्ही मला खाली बोलावलंत. स्टिअरिंगच्या खाली एक काळी डबी होती, तिचं झाकण काढून दाखवलंत. आत नखाएवढा पिवळा तुकडा.

"हा एसीचा फ्यूज, वहिनी. एवढासाच आहे. पण हा नसला की बटण दाबत बसा. दिवा नाही, पंखा नाही, काही नाही. दादाने फारच काचा लावल्या ना, तर हा काढून पदराला बांधा आणि खुशाल वारा खात बसा."

"त्यांना कळेल."

"दादाला? बॉनेट पुढे असतं की मागे, एवढं तरी कळतंय का विचारा आधी."

आपण दोघं हसलो. मग तुम्ही शिकवायच्या भरात आलात. तुम्हाला ती सवयच होती, ऐकणारा कोण आहे हे बघायचा नाहीत. म्हणालात, "एसी चालू होत नसला तर घाबरायचं नाही. सगळंच मेलं असेल, पंखासुद्धा, तर आधी फ्यूज. पंखा फिरतोय पण हवा गरम, तर मग पट्टा बघायचा, मग वायर, मग गॅस. कंप्रेसरचं नाव सगळ्यात शेवटी, तोच सगळ्यात महाग. कंप्रेसरचं नाव जो आधी घेतो तो चोर नाहीतर गाढव."

मला मशिनातलं काही कळत नाही. पण ह्यातला शब्द न् शब्द माझ्या डोक्यात बसला.

त्याच उन्हाळ्यात ह्यांचे जुने साहेब सरकारी नोकरी सोडून गुडगावच्या एका नव्या कंपनीत गेले. तिथे अधिकाऱ्यांना एसीच्या गाड्या मिळायच्या आणि त्या बघायला कंपनीला कायमचा माणूस हवा होता. ह्यांनी तुमचं नाव सुचवलं. साहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, मॅडमना पानिपतहून चादरी आणि सतरंज्या आणायच्या होत्या. हे म्हणाले, "सर, आमच्या गाडीतून चला. भावाने बसवलेला एसी आहे, काम पण बघून होईल." साहेब हो म्हणाले.

आदल्या दिवशी मी म्हटलं, मी येत नाही, काचा बंद झाल्या की मला होईल. हे म्हणाले, "मॅडम एकट्या कंटाळतील. आणि उद्या विन्याचं कायमचं काम होऊन जाईल, तू मोडता घालू नकोस."

मला ठाऊक नव्हतं असं आज म्हणता येईल. म्हणत नाही. मला पक्कं ठाऊक होतं की त्या दिवशी साहेब तुमचं काम बघणार आहेत.

सकाळी गाडी पुसून तुम्ही चहाला वर आलात. गाडी उघडीच होती. मी पाण्याची बाटली आणि पोळीभाजीचा डबा ठेवायला खाली गेले. वाकले, झाकण काढलं, तो तुकडा ओढला आणि पदराला गाठ मारली. चहा ओतायलासुद्धा यापेक्षा जास्त वेळ लागतो. मनात एवढंच होतं की साहेबांच्या बायकोच्या साडीवर व्हायला नको. आणि मला वाटलं, साहेब माणूस बघतील, तुमचा स्वभाव बघतील. गार हवा थोडीच बघतील. एक दिवस नाही चालला एसी, म्हणून काय होतंय?

ही माझी अक्कल.

लवकर निघालो होतो, हवा बरी होती, साहेबच म्हणाले खिडक्या खुल्या राहू देत. तुम्ही गाडी चालवत होतात, साहेब पुढे, मागे आम्ही तिघं. मी खिडकीपाशी, तोंडात आवळासुपारी. सोनीपत मागे पडलं आणि ऊन तापलं. हे मागून ऐटीत म्हणाले, "विन्या, चल, चालू कर आता. सर, आप देखिए."

मॅडमनी काच वर केली. साहेबांनी केली. मीही केली. तुम्ही बटण दाबलंत. काही नाही. परत दाबलंत. पंखासुद्धा हलला नाही.

सफेद्याच्या, म्हणजे निलगिरीच्या झाडांखाली गाडी घेतलीत. स्टिअरिंगखाली डोकं घातलंत. झाकण निघाल्याचा आवाज मला आला. मग तुमचं डोकं वर आलं आणि तुम्ही मागे वळलात. ह्यांच्याकडे बघितलं नाहीत, साहेबांकडेही नाही. माझ्याकडे बघितलंत. मी गाठ मुठीत धरून बसले होते.

सुटे फ्यूज तुमच्या शर्टाच्या खिशात असायचे, पेनाशेजारी, छोट्या पुडीत. त्या दिवशीही होते. तुमचा हात खिशापर्यंत गेला. मी तो हात बघत होते. आता घालतील, आता काचा बंद होतील. हात खिशाला लागला आणि खाली आला.

तुम्ही खाली उतरलात, बॉनेट उघडलंत, आणि त्या उन्हात चांगला अर्धा तास नाटक केलंत. पट्टा ओढून बघितलात. वायरी चाचपल्यात. पाइपाला हात लावून कान जवळ नेलात. घाम नाकावरून इंजिनावर पडत होता. शेवटी रुमालाला हात पुसत साहेबांपाशी आलात.

"कंप्रेसर गया, सर. मेरे ही काम में कमी रह गई."

साहेब सभ्य माणूस. म्हणाले, "कोई बात नहीं, विनायक. अभी नया काम है, सीख जाओगे." तेवढ्यावर ते काम गेलं. ते ह्यांना कळलं, तुम्हाला कळलं, मलाही कळलं.

तिथून पानिपत, तिथे दुकानांत दोन-तीन तास, आणि भर दुपारच्या लूमध्ये, त्या भाजणाऱ्या वाऱ्यात, परत. चादरींचे गठ्ठे मांडीवर. मॅडम वर्तमानपत्राने वारा घेत घेत थकल्या. मी ठणठणीत. मॅडम म्हणाल्या, "आप तो बड़ी मज़बूत हैं, बहनजी." तुम्ही पुढच्या आरशात बघितलंत आणि नजर काढून घेतलीत.

घरी आल्यावर हे तुमच्यावर तुटून पडले. "मला मान खाली घालायला लावलीस. तुझा हातच कच्चा आहे. माझ्याच गाडीत असलं काम, मग दुसऱ्यांच्या गाडीत काय करशील?" तुम्ही उभ्यानेच पाणी पीत होतात. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते, दार उघडं होतं. लोक अशा वेळी लिहितात की शब्द ओठांपर्यंत आले होते. माझे आले नव्हते. मी लाटत होते आणि मला वाटत होतं, सुटले.

दुसऱ्या दिवशी एसी चालू. ह्यांना म्हणालात, तात्पुरतं जमवलंय. पदरातला तुकडा मी कचऱ्यात टाकला. महिन्याभरात तुम्ही ट्रंक उचललीत आणि नोएडात गाड्या दुरुस्त करणाऱ्या कुलवंतसिंगच्या टपरीत जाऊन राहिलात. जाताना मी विचारलं, "जेवणाचं काय?" तुम्ही म्हणालात, "सरदारजी करतो, वहिनी. तुमच्यापेक्षा तिखट." एवढंच बोललात. माझ्यावर एक वाकडा शब्द टाकला असतात तर मला बरं पडलं असतं.

पुढे तुमचं बस्तान बसलं. टपरीचं दुकान झालं, नोएडा-गुडगावच्या गाड्या रांगेत उभ्या राहू लागल्या. पण ह्यांनी आपली गाडी तुमच्याकडे कधी आणली नाही. पहिली नाही, नंतरची नाही, त्याच्या नंतरचीही नाही. घरात नळ गळायला लागला की हे म्हणायचे, "विन्याने बसवला होता का?" मुलं हसायची. पुढे सुनाही हसायला लागल्या. 'विनूकाकाचं काम' म्हणजे कच्चं काम, अशी घरात म्हणायची पद्धतच पडली. मी हसायची नाही. पण थांबवलंही नाही.

तुम्ही दिवाळीला यायचात, भाऊ भाऊ हवापाण्याचं बोलायचात. एसीचा विषय दोघंही काढायचा नाहीत. सख्खे भाऊ, पाव्हण्यासारखे. हे माझं काम आहे, भावोजी. पंचवीस वर्षांचं.

एकदा बोलणार होते. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, मुलं गावात नव्हती, हे तापाने पडलेले. तुम्ही तुमची गाडी घेऊन आलात. जूनचं ऊन, आणि तुम्ही चारी काचा खाली केल्यात. सगळ्या रस्त्यात एसीला हात लावला नाहीत. शर्ट पाठीला चिकटला होता. सिग्नलला तुमच्या ओळखीच्या एका माणसाने हाक मारली, "क्या उस्तादजी, एसी वाले की गाड़ी में एसी ख़राब?" तुम्ही म्हणालात, "हाँ यार, अपनी गाड़ी के लिए टाइम किसके पास है." परत येताना मी म्हटलं, "भावोजी, त्या दिवशी पानिपतला..." तुम्ही लगेच म्हणालात, "वहिनी, पट्टी नीट धरा, धूळ येतेय." मी पट्टी धरली. मला धरायचीच होती.

आता रागाचंही सांगते, कारण मी तुमच्यावर रागावलेली आहे. तुम्हाला कोणी सांगितलं होतं एवढं चांगलं वागायला? खिशात फ्यूज होता. घालायचा. मला झाली असती उलटी. मॅडमची साडी धुतली गेली असती, हे चार दिवस ओरडले असते, आणि तुम्हाला काम मिळालं असतं. उलटी पाण्याने जाते. माझ्या पोटात ढवळू नये म्हणून तुम्ही स्वतःचं नाव घालवलंत. हा हिशेब कुठल्या शाळेत शिकलात? मी विचारलं नव्हतं. मला विचारायला हवं होतं की वहिनी, एवढं करू का. मी नको म्हटलं असतं का? बहुतेक नसतंच म्हटलं. तरी विचारायला हवं होतं.

आता तेराव्याचं.

एसीचं काम तुमच्याकडूनच शिकलेला कुलवंतसिंग आला, तुमच्या हाताखाली तयार झालेले चौघं आले. आता पोटं सुटलेली, केस पांढरे, प्रत्येकाचं स्वतःचं दुकान. जेवणं झाली, बाहेरच्या खोलीत तुमच्या फोटोपुढे सगळे बसले. एक सांगत होता, उस्तादजी आवाजावरून सांगायचे काय बिघडलंय ते. दुसरा म्हणाला, कधी उगाच पार्ट बदलला नाही. सगळे मान हलवत होते.

ह्यांना तुमच्या जाण्याने फार लागलंय, भावोजी. रडत नाहीत, बोलत सुटतात. ते बोलायला लागले, आणि त्यांना वाटलं आपण प्रेमाची गंमत सांगतोय. "आदमी हीरा था, पर शुरू में हाथ कच्चा था. मेरी ही गाड़ी में, मेरे साहब के सामने..." सगळं पानिपत सांगितलं. "बटन दबाया, कुछ नहीं. पंखा तक नहीं चला. आधा घंटा देखा, फिर कहता है कंप्रेसर गया."

कुलवंतसिंगने मान वर केली. "पंखा भी नहीं चला?"

"नहीं."

"बत्ती?"

"कुछ भी नहीं."

"तो भाईसाहब, कंप्रेसर कैसे हुआ? पंखे का कंप्रेसर से क्या लेना-देना? ये तो सीधा फ्यूज का केस है. हमें पहले दिन यही सिखाया था उन्होंने."

त्यांच्यातला एक हळूच म्हणाला, "नया-नया काम था, साहब को देख के घबरा गए होंगे." कुलवंतसिंगनेही मान हलवली. "हो जाता है."

ती मान मला सोसली नाही. ह्यांनी कच्चा म्हटलं ते मी पंचवीस वर्षं ऐकलं. पण तुमच्याच माणसांनी तुमच्याच फोटोपुढे बसून, तुम्ही न केलेली चूक तुम्हाला माफ केली.

मी दारातून म्हटलं, "फ्यूज मी काढला होता."

हे वळले. "काय?"

"त्या सकाळी. तुम्ही चहा पीत होतात तेव्हा. मला काचा बंद नको होत्या. भावोजींनी बघितलं, त्यांना तिथेच कळलं होतं. खिशात दुसरा होता, तो घातला नाही त्यांनी."

तुमची माणसं एकमेकांकडे बघत होती. मराठी त्यांना कळत नव्हती. मला वाटलं, झालं, सांगून टाकलं. हे जमिनीकडे बघत बसले. मग म्हणाले, "हिंदीत सांग."

"काय?"

"मला काय सांगतेस? त्यांना सांग. हिंदीत."

माझी हिंदी तुम्हाला माहीत आहे. चाळीस वर्षांत भाजीवाल्याच्या पुढे गेली नाही. तुम्ही चेष्टा करायचात. मी पदर सारखा केला आणि उभ्यानेच सांगितलं, "वो फ्यूज मैंने निकाला था. मेरे को बंद गाड़ी में उलटी होती है. विनायकजी को सब मालूम था. उन्होंने मेरे लिए झूठ बोला. उनके काम में कुछ कमी नहीं था."

कुलवंतसिंगने चश्मा काढला, पुसला, परत घातला. बाकीच्यांकडे बघून म्हणाला, "सुन लिया सबने?" ते हो म्हणाले. उठले, फोटोला हात जोडले आणि गेले.

त्यानंतर नऊ दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला येतात, ताट घेतात, उठतात. हा अबोला माझ्या वाट्याचा होता, तो इतकी वर्षं तुम्ही भोगलात.

काल सकाळी चहा ठेवून मी वळले, तर म्हणाले, "तुला खरंच एवढा त्रास व्हायचा?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. कुतुबमिनारच्या दिवशी सांगितलं, पानिपतच्या आदल्या दिवशी सांगितलं."

चहा तसाच पडून होता. मग त्यांनी विचारलं, "आणि विन्याला? त्याला सांगून काढला होतास?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांना सांगावं लागलं नाही."